शंभरची जांभळी नोट वाचायची कशी? नोटा जमवायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

खिशात नवी जांभळी शंभरची नोट असेल तर आधी बाहेर काढा, नसेल तर कुणाकडून तरी मागून घ्या, कारण हे सगळं नुसतं वाचून काही उपयोग नाही, नोट समोर पाहिजे. नोटा जमवायला लागलेली बहुतेक मंडळी आधी नंबरात ७८६ असलेल्या नोटांच्या मागे पळतात, मग ऑनलाइन कुणीतरी 'रेअर' लिहून लावलेली अवाच्या सवा किंमत बघून घरातल्या पाकिटांची उचकापाचक करतात. माझं मत सरळ आहे, नोट वाचता येत नसेल तोवर एकही नोट दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन घ्यायची नाही.

शंभरचीच का? तर १०, २० आणि ५० च्या नव्या नोटांत रंग बदलणारा धागा नाही आणि हाताला लागणारी उठावाची छपाई पण नाही, ५०० मध्ये सगळं आहे पण शिकण्यासाठी पाचशे अडकवून ठेवायला जीवावर येतं. शंभरात जवळजवळ सगळं बसलंय आणि शिकून झाली की भाजी आणता येते. सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरवाली पट्टी, पांढऱ्या उजेडाचा दिवा आणि जमलं तर एक छोटा यूव्ही टॉर्च, झालं.

आधी माप आणि रंग

पट्टी लावा. ६६ मिमी रुंद, १४२ मिमी लांब येणार. १९९६ पासून चाललेली जुनी निळसर-हिरवी शंभरची नोट ७३ बाय १५७ होती, म्हणजे नवी दोन्हीकडून लहान झाली. रिझर्व्ह बँकेने ही नोट जुलै २०१८ मध्ये जाहीर केली, महात्मा गांधी नव्या मालिकेत. मालिका नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि २००० ने सुरू झाली, २०१७ ला ५० आणि २०० आल्या, २०१८ ला १० आणि १००, शेवटी २०१९ ला २० ची.

मापांमागे एक हिशोब आहे तो बघून ठेवा. १० आणि २० ची रुंदी ६३, बाकी सगळ्यांची ६६, आणि किंमत वाढते तशी लांबी वाढते: १२३, १२९, १३५, १४२, १४६, १५०, आणि २००० ची १६६. यातला १०० ते ५०० हा टप्पा मला पटलेला नाही. २०० आणि ५०० मध्ये फक्त चार मिलिमीटरचा फरक, डोळ्यांनी बघणाऱ्याला रंगामुळे चालून जातं पण ज्याला दिसत नाही त्याने बोटांनी चार मिलिमीटर कसे मोजायचे? अंध व्यक्तींच्या संघटनेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेला होता, आणि जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने 'मणी' नावाचं ॲप काढलं, मोबाईलचा कॅमेरा धरला की नोट कितीची ते बोलून सांगणारं.

रंग पण पाठ करा, १० चॉकलेटी, २० हिरवट पिवळा, ५० चमकदार निळा, १०० लव्हेंडर, २०० भडक पिवळा, ५०० दगडी करडा, २००० किरमिजी. रंग पाठ असला की केमिकल लावून 'कलर एरर' म्हणून विकलेली नोट चटकन खटकते.

पुढची बाजू, डावीकडून उजवीकडे

नोट तीन वेळा बघायची, एकदा उजेडासमोर धरून, एकदा तिरकी करून आणि एकदा भिंगातून. तिन्ही वेळा वेगळ्या गोष्टी दिसतात म्हणून घाई नको.

उजेडासमोर धरलीत की डाव्या कडेला १०० चा आकडा जुळून पूर्ण झालेला दिसेल. अर्धा भाग पुढून छापलाय, अर्धा मागून, दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसले तरच आकडा होतो. उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत गांधीजींचं वॉटरमार्क आणि त्याच्या शेजारी १०० चा उजळ आकडा. वॉटरमार्कमध्ये चेहऱ्यावर छाया-प्रकाश हळूहळू बदलतो, कारण तो छापलेला नसतो, कागद तयार होतानाच तिथे लगदा कमी-जास्त केलेला असतो. नकली नोटेत बहुधा ठोकळेबाज रेघा दिसतात.

आता तिरकी करा. धाग्यावर 'भारत' आणि आरबीआय लिहिलंय, नोट हलवली की हिरवा निळा होतो. हा धागा कागदातून आत-बाहेर जातो म्हणून पुढून तुकड्या-तुकड्यात दिसतो आणि उजेडात धरला की सलग. मग नोट डोळ्याच्या रेषेत आडवी, साधारण ४५ अंशात धरा, लपलेला १०० चा आकडा दिसेल, पण उजेड एका बाजूने पाहिजे, ट्यूबलाइटखाली उभं राहून शोधत बसाल तर सापडायचा नाही.

भिंगातून मात्र खरी मजा येते. गांधीजींच्या चित्राच्या आसपास बारीक अक्षरं शोधा, आरबीआय, भारत, इंडिया आणि १०० असं छापलंय, साध्या डोळ्याला ती रेघ वाटते. चित्राच्या रेघा बघा, शाई कागदावर उभी राहिलेली दिसते. खोदलेल्या प्लेटमध्ये शाई भरून प्रचंड दाबाने कागदावर उमटवतात त्याचा हा परिणाम. इंकजेटने काढलेल्या नोटेत भिंगाखाली रंगीत ठिपके दिसतात, एकदा दोन्ही बघितले की परत कधी चुकायचं नाही.

हा गांधीजींचा चेहरा कुठून आला ते पण सांगतो. नोटांवरचा हसरा चेहरा १९४६ च्या एका फोटोतला आहे, तेव्हाच्या व्हाइसरॉय हाउसमध्ये ब्रिटनचे भारतमंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबर उभे असतानाचा, त्यातून चेहरा तेवढा घेतला. पण गांधीजी नोटेवर पहिल्यांदा आले ते १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या नोटांवर, बसलेले, मागे सेवाग्रामचा आश्रम. म्हणजे वर्ध्याजवळचं सेवाग्राम नोटेवर पोचलं ते नव्या २० च्या नोटेवरच्या वेरूळच्या पन्नास वर्षं आधी. ही १९६९ ची मालिका आपल्याकडच्या संग्राहकाने ठेवायलाच पाहिजे असं मला वाटतं, सगळ्या किमती नाही जमल्या तरी एक तरी.

चित्राच्या उजवीकडे हमीचं वाक्य, वचनाचं वाक्य, गव्हर्नरची सही आणि बँकेचं चिन्ह, वाघ आणि ताडाचं झाड. ईस्ट इंडिया कंपनीच्या मोहरेवर सिंह आणि ताड होता, रिझर्व्ह बँक १९३५ ला सुरू झाली तेव्हा सिंहाच्या जागी वाघ घेतला. भिंगाखाली वाघ जरूर बघा, एवढ्या लहान गोलात पट्टे काढलेत. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन शोधू नका, ती नोट भारत सरकारची असते, सही वित्त सचिवांची.

आणि ₹ हे चिन्ह. ते १५ जुलै २०१० ला स्वीकारलं गेलं, डिझाइन डी. उदय कुमार यांचं, जे तेव्हा आयआयटी मुंबईत होते. देवनागरी र आणि रोमन आर एकत्र, वर शिरोरेषा. नोटांवर २०११ पासून यायला लागलं, त्यामुळे जुन्या मालिकेत चिन्ह असलेली आणि नसलेली अशा दोन वेगळ्या नोटा धरल्या जातात.

डोळे मिटून

खरंच डोळे मिटा आणि बोट फिरवा. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ, आणि एक उठावाचा त्रिकोण हाताला लागतो. दोन्ही कडांना चार-चार तिरक्या रेघा आहेत. २०० ला त्रिकोणाऐवजी एच आणि रेघांच्या मध्ये दोन गोल, ५०० ला गोल आणि पाच रेघा, २००० ला आयत आणि सात रेघा. संग्राहकाला याचा उपयोग असा की नोट किती वापरली गेलीय ते बोट सांगतं. कोऱ्या करकरीत नोटेचा त्रिकोण खरखरीत लागतो, वापरलेलीचा गुळगुळीत होत जातो, आणि धुऊन-इस्त्री करून 'नवी' म्हणून विकलेल्या नोटेचा उठाव बसलेला असतो, मग ती दिसायला कितीही सपाट आणि स्वच्छ का असेना. इथे यूव्ही टॉर्च पण लावा, नोटेचा कागद स्वतः चमकत नाही, साबणाच्या पावडरने धुतलेला चमकतो.

मागची बाजू, म्हणजे खरा विषय

मागे राणी की वाव आहे, गुजरातमधल्या पाटणची. अकराव्या शतकात राणी उदयमतीने राजा पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ बांधलेली पायऱ्यांची विहीर, सोलंकी घराण्याच्या काळातली. सात मजले, पण जमिनीखाली. सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल. पाचशेच्या वर मोठी शिल्पं आणि हजाराच्या वर छोटी, विष्णूचे अवतार त्यात मुख्य. सरस्वती नदीच्या पुराने गाळाखाली गाडली गेली होती म्हणूनच इतकी शाबूत राहिली, नंतर पुरातत्त्व खात्याने गाळ काढला आणि २०१४ ला ती जागतिक वारसा यादीत गेली.

डिझाइन म्हणून बघितलं तर ही निवड धाडसी आहे. किल्ला, स्तूप, मंदिर यांना आकाशासमोर एक कडा असते, लांबून ओळखू येते, लाल किल्ला बघा किंवा सांची. वावेला तशी कडाच नाही, ती खाली उतरत जाते. मग चित्रात खोली दाखवायची कशी? तर खांबांच्या रांगा आणि मजल्यावर मजले घेऊन, एकामागे एक. भिंगाने बघितलं की जमतं, नुसत्या डोळ्याने हातभर अंतरावरून मात्र तो सगळा भाग जांभळ्या रेघांची गर्दी वाटतो, आणि बऱ्याच लोकांना अजून माहीत नाही की आपण खिशात विहीर घेऊन फिरतोय. जुन्या शंभरवर हिमालय होता, तो लहान पोराला पण कळायचा.

आता बाकीच्या नोटांच्या पाठी एका ओळीत मांडा. १० वर कोणार्कचं सूर्यमंदिर, २० वर वेरूळ, ५० वर हंपीचा रथ, १०० वर वाव, २०० वर सांचीचा स्तूप, ५०० वर लाल किल्ला. सहाही जागतिक वारसा यादीतल्या जागा. फक्त २००० वर मंगळयान, ते एकटंच वास्तू नाही आणि एकटंच आजच्या काळातलं. तीच नोट चलनातून बाहेर गेली हा योगायोग, पण संचात ठेवली की डोळ्यात भरते. जुन्या १९९६ च्या मालिकेत असा एक धागा नव्हता, कुठे गेंडा-हत्ती-वाघ, कुठे अंदमान, कुठे संसद, कुठे दांडीयात्रा, थोडं शेती-कारखाने, असं सगळं मिळून देश. मला ती मिसळ जास्त आवडायची, पण संग्रह मांडायला नवी मालिका सोपी हे कबूल.

२० ची नोट आपल्यासाठी खास. वेरूळच्या ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू, जैन तिन्ही आहेत, १९८३ ला वारसा यादीत गेलं. ती नोट घेऊन एकदा तिथे जा आणि नोटेवरचं दृश्य नेमकं कुठे उभं राहून दिसतं ते शोधा, चित्रकाराने काय गाळलं, काय जवळ ओढलं ते तिथेच कळतं. आणि तिथवर जाताय तर जवळच्या दुकानात सुट्टे म्हणून कोऱ्या २० च्या मिळतात का ते पण बघा :)

मागे डाव्या बाजूला छपाईचं वर्ष, आणि गांधीजींच्या चष्म्याचं स्वच्छ भारतचं चिन्ह. हा चष्मा कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी काढलेला, स्पर्धेतून निवडला गेला. पुढे गांधीजींचा चेहरा आणि मागे नुसता चष्मा, एका नोटेवर एकाच माणसाची दोन चिन्हं, हे थोडं जास्त झालं असं मला वाटतं. पण सरकारी मोहिमेचं चिन्ह नोटेवर असल्यामुळे पन्नास वर्षांनी ही नोट बघणाऱ्याला काळ लगेच कळेल हे नक्की.

भाषांच्या चौकटीत पंधरा भाषा, आसामीपासून उर्दूपर्यंत, इंग्रजी नावांच्या अकारविल्हे क्रमाने. वरून मोजलं तर कोकणी सहावी, मराठी आठवी. हिंदी आणि इंग्रजी त्यात नाहीत कारण त्या मोठ्या अक्षरात आधीच आहेत, म्हणजे नोटेवर एकूण सतरा.

आता व्हरायटी, इथे खरे संग्राहक वेगळे होतात

डिझाइन एकच पण नोटा अनेक. चार गोष्टी बघायच्या.

वर्ष. २००५ पासून मागे वर्ष छापतात, त्याआधीच्या नोटांवर नाही. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने २००५ च्या आधीच्या नोटा काढून घ्यायचं जाहीर केलं होतं, तेव्हा लोक हेच वर्ष बघून ओळखायचे.

सही. जांभळ्या शंभरवर आधी ऊर्जित पटेल, मग डिसेंबर २०१८ ला आलेले शक्तिकांत दास, आणि डिसेंबर २०२४ पासून संजय मल्होत्रा, त्यांच्या सहीची शंभरची नोट २०२५ मध्ये जाहीर झाली. २० च्या नव्या नोटेवर मात्र ऊर्जित पटेलांची सही असूच शकत नाही, ती डिझाइनच २०१९ ची. कुणी विकायला आणली तर हात जोडा.

इन्सेट लेटर. नंबराच्या पट्टीत एक अक्षर असतं किंवा नसतं. रिझर्व्ह बँक प्रेस रिलीजमध्ये पण ते सांगते, उदाहरणार्थ ५०० ची नोट आधी ई अक्षराची आली आणि जून २०१७ मध्ये ए अक्षराची जाहीर झाली. सही आणि वर्ष तेच असलं तरी अक्षर वेगळं, तर संग्रहात वेगळी नोट. नोटा चार ठिकाणी छापतात, नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी. नाशिकला १९२८ पासून नोटा छापतात, तेव्हा आपल्याकडे ही परंपरा जुनीच.

आणि नंबर. पुढे तीन अक्षरी प्रीफिक्स, एक आकडा आणि दोन इंग्रजी अक्षरं, मग सहा आकडे. नव्या नोटांत आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात पण प्रीफिक्सची तीन अक्षरं एकाच मापाची राहतात, हे भिंगाने बघा, नंबर खोडून बदललेल्या नोटेत नेमकी हीच चढण बिघडते. प्रीफिक्स आणि आकड्यांच्या मध्ये चांदणी असेल तर ती स्टार नोट, म्हणजे छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली. २००६ ला १०, २० आणि ५० पासून हे सुरू झालं. स्टार नोट नकली नसते, दुकानदार घ्यायला नाही म्हणाला तर तुम्ही घ्या. वापरलेल्या नोटांत स्टार अजून सापडतात, रोजच्या सुट्ट्या पैशात नजर ठेवा. ७८६ किंवा जन्मतारखेचे नंबर आवडत असतील तर ठेवा की, पण ती हौस आहे, व्हरायटी नाही, त्यावर पैसे ओतू नका.

क्रम सांगायचा तर आधी सातही किमतींची एक-एक नोट, मग सह्या, मग इन्सेट, आणि वर्षवार संच सगळ्यात शेवटी, कारण तो कधी संपत नाही.

ग्रेड आणि ठेवण

ग्रेड म्हणजे नोट किती कोरी राहिलीय त्याची श्रेणी. यूएनसी (अनसर्क्युलेटेड) म्हणजे एकही घडी नाही, कोपरे टोकदार. मधून एक हलकी घडी आली की एयू, मग एक्सएफ, व्हीएफ असं खाली. ग्रेडिंग कंपन्या ७० पर्यंत आकडे देतात, साठच्या वर यूएनसी. पिनेची भोकं हा आपला देशी प्रकार, २००१ पर्यंत बँका गड्डीला सर्रास स्टेपल मारायच्या, मग रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला सांगितलं. म्हणून जुन्या कोऱ्या नोटेला डाव्या बाजूला भोकं असली तर दचकू नका, पण जांभळ्या शंभरला भोकं असतील तर तो दोषच.

नोट लॅमिनेट करायची नाही, सेलोटेप लावायची नाही, इस्त्री फिरवायची नाही. पीव्हीसीचे कव्हर स्वस्त मिळतात पण काही वर्षांनी चिकट होतात, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत जा, नोटेचा कागद कापसाचा असतो, ओल पितो आणि मग पिवळे डाग पडतात ते जात नाहीत. हात स्वच्छ आणि कोरडे असले की पुरे, हातमोजांचं नाटक मला गरजेचं वाटत नाही.

घेताना आणि विकताना

घ्यायची चांगली जागा म्हणजे ओळखीचा डीलर किंवा नाण्यांची प्रदर्शनं, हातात घेऊन बघता येतं. नुसतं बघायला जायची जागा म्हणजे मुंबईत फोर्टला, अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, आधी एकदा तिथे डोळे तयार करून या. वैशिष्ट्यं परत पडताळायची तर बँकेची 'पैसा बोलता है' ही साइट आहे.

'तुमची जुनी नोट लाखात विका' असा मेसेज आला आणि पुढे कमिशन, टॅक्स, चार्ज काहीही मागितलं तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने हे चालतं म्हणून बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता, बँक असल्या व्यवहारात नसते.

२००० च्या नोटेबद्दल सगळे विचारतात. १९ मे २०२३ ला ती चलनातून मागे घेतली पण कायदेशीर चलन म्हणून कायम ठेवली, त्यामुळे संग्रहात ठेवायला अडचण नाही. छपाई २०१८-१९ मध्येच थांबली होती. नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या जुन्या ५०० आणि १००० चं तसं नाही. २०१७ च्या कायद्याने त्या नोटा कुणालाही सगळ्या मिळून दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी असतील तर पंचवीसपर्यंत, आणि मोडलं तर दंड दहा हजार किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त तो. तेव्हा आजोबांच्या कपाटात जुन्या हजारच्या नोटांची गड्डी सापडली तर अल्बम भरायच्या आधी मोजून बघा.